डोंगरगावचा फ्लोराइट आणि स्फटिकांची वाढ

बल्लारपूर म्हटले की कोळशाच्या खाणी आणि कागद कारखाना डोळ्यांसमोर येतो. याच चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातील डोंगरगाव येथे फ्लोराइटचा साठा आहे, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. दोन्ही पदार्थ जमिनीतूनच निघत असले, तरी त्यांची अंतर्रचना भिन्न आहे. कोळशात अणूंची मांडणी विस्कळीत असते. फ्लोराइटमध्ये कॅल्शियम व फ्लोरिन यांचे कण ठरावीक अंतरावर, सर्व दिशांना त्याच क्रमाने रचलेले असतात. अशा नियमबद्ध रचनेच्या घन पदार्थास स्फटिक म्हणतात.

स्फटिक वाढतो कसा, हे खडीसाखरेवरून उमगते. साखरेच्या गरम, दाट पाकात दोरा सोडून पाक निवू दिला, की पाण्यात न मावणारी साखर दोऱ्यावर बसू लागते. प्रथम सूक्ष्म केंद्र तयार होते, मग त्यावर थर चढत जातात. पाक सावकाश निवल्यास खडे मोठे व सुबक होतात. घाईने निवल्यास बारीक दाण्यांचा चुराच हाती येतो. खडकांच्या भेगांतून वाहणारे उष्ण, क्षारयुक्त पाणी निवताना फ्लोराइटही असाच साचतो. मात्र भूगर्भातील परिस्थिती एकसारखी राहत नाही. त्यामुळे स्फटिकात तडे, बुडबुडे व परके अणू शिरतात. त्याचा जांभळा वा हिरवा रंग बहुधा अशाच दोषांतून येतो. संग्राहकांना हा रंग मोहवितो. भिंग घडविणाऱ्यांना तो नकोसा असतो.

जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८८६ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत नैसर्गिक फ्लोराइट वापरला. निर्दोष खडे दुर्मीळच होते. पुढे अमेरिकेत डोनाल्ड स्टॉकबार्गर यांनी भट्टीत स्फटिक वाढविण्याची रीत विकसित केली. सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला वितळलेला फ्लोराइट मुशीत घेऊन ती मूस भट्टीच्या उष्ण भागातून थंड भागाकडे अत्यंत मंद गतीने खाली उतरवितात. द्रव तळापासून गोठत जाऊन एकसंध स्फटिक बनतो. मोठ्या स्फटिकाला यासाठी कित्येक आठवडे लागतात.

कॅनन कंपनीने १९६९ मध्ये अशा स्फटिकाचे भिंग कॅमेऱ्यासाठी बाजारात आणले. संगणकाच्या चिपवर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांनी नक्षी उमटविणाऱ्या यंत्रांतही हाच स्फटिक लागतो. साधी काच ते किरण अडविते.

खाणीतील बहुतांश फ्लोराइट मात्र पोलाद वितळविताना आणि हायड्रोफ्लोरिक आम्लासाठी खर्ची पडतो. लिथियम बॅटरीतील क्षारही याच आम्लापासून बनतो. भारताची गरज मुख्यत्वे आयातीवर भागते. डोंगरगावसारख्या साठ्यातला खडा भिंगासाठी जसाच्या तसा चालत नाही. आधी रासायनिक शुद्धीकरणाने त्याची अतिशुद्ध भुकटी करावी लागते, मगच ती मुशीत जाते.