कोबुर्गच्या किल्ल्यांतील पत्रें

चिंतेवर श्रद्धेचा उतारा खरोखर चालतो काय, हा प्रश्न विचारावयाचा तर तो उपदेशकांस न विचारतां इतिहासास विचारावा. त्यासाठीं मी आपणांस इ. स. १५३० च्या उन्हाळ्यांत, जर्मनींतील कोबुर्गच्या किल्ल्यावर घेऊन जाणार आहें.

त्या वर्षीं बादशहा पांचव्या चार्ल्सनें ऑग्सबुर्ग येथें जर्मन राजेरजवाड्यांची परिषद बोलाविली होती. आदल्याच वर्षीं तुर्कांनीं व्हिएन्नास वेढा घातला होता; तेव्हां धर्माचा तंटा मिटून सर्व संस्थानें एकत्र यावींत, अशी त्याची इच्छा. परंतु ज्याच्यामुळें हा तंटा उद्भवला, त्या मार्टिन ल्यूथरलाच परिषदेस जाण्याची सोय नव्हती. १५२१ सालीं वर्म्स येथें साम्राज्यानें त्यास बहिष्कृत ठरविलें होतें. म्हणून सॅक्सनीच्या राजानें त्यास आपल्या मुलखाच्या दक्षिण टोंकास, कोबुर्गच्या किल्ल्यांत ठेविलें, आणि वादाचा सारा भार फिलिप मेलांक्थॉन ह्या तेहतीस वर्षांच्या सहकाऱ्यावर पडला.

मेलांक्थॉन मोठा विद्वान्, पण मनाचा हळवा. नव्या पंथाचें निवेदन त्यानेंच लिहावयाचें होतें. एक शब्द तिखट पडला तर युद्ध भडकेल, एक शब्द गाळला तर सत्याचा घात होईल, अशी ती विवंचना. २५ जून रोजीं तें निवेदन बादशहासमोर वाचून झालें, तरी त्याची काळजी सरेना. आपले दिवस अश्रूंत जात आहेत, असें त्यानें कोबुर्गला कळविलें.

ल्यूथरचीं उत्तरें प्रथमदर्शनीं कठोर वाटतात. तुझ्या ह्या चिंतांचा मला तिटकारा येतो, असें तो साफ लिहितो. २९ जूनच्या पत्रांत मात्र तो एक मार्मिक कोटी करतो. मेलांक्थॉनचा गाजलेला धर्मग्रंथ विषयवार प्रकरणें पाडून रचलेला होता. ल्यूथर त्यास सांगतो कीं, ह्या प्रकरणाचा शेवट तुला दिसत नाहीं म्हणून तूं तळमळतोस. पण देवानें तो अशा एका प्रकरणांत घातला आहे, जें तुझ्या अलंकारशास्त्रांतहि नाहीं आणि तत्त्वज्ञानांतहि नाहीं. त्या प्रकरणाचें नांव श्रद्धा!

किल्ल्याच्या भिंतींआड बसून असें लिहिणें सोपें, अशी शंका येईल. मलाहि ती आली होती. पण ल्यूथरची स्वतःची स्थिति काय होती? मे महिन्यांत त्याच्या डोक्यांत मेघगर्जनेसारखा आवाज चाले. कित्येक दिवस त्याला अक्षर वाचवत नसे. ५ जून रोजीं पित्याच्या मृत्यूची वार्ता आली. स्तोत्रांचें पुस्तक उचलून तो खोलींत गेला आणि इतका रडला कीं दुसऱ्या दिवशीं त्याचें डोकें चालेना. पुढें ऑग्सबुर्गहून पत्रें येण्याचें थांबलें, तेव्हां दुसऱ्यास चिंता सोडावयास सांगणारा हा मनुष्य स्वतःच अस्वस्थ होऊन संतापला. त्याच्याबरोबर राहणाऱ्या फाइट डीट्रिखनें लिहून ठेविलें आहे कीं, रोजचे निदान तीन तास, आणि तेहि अभ्यासास सर्वांत उत्तम असे, ल्यूथर प्रार्थनेंत घालवीत असे. ज्याचें मन मुळांतच निर्धास्त आहे, त्याला इतकी प्रार्थना कशाला लागेल?

हें त्यानें लपविलेंहि नाहीं. ३० जूनच्या पत्रांत तो मोकळेपणानें कबूल करतो कीं, माझ्या खाजगी झगड्यांत मी दुबळा आणि तूं खंबीर असतोस. सार्वजनिक कार्यांत मात्र तुझें-माझें उलट होतें. ह्या कबुलीमुळें त्या कठोर पत्रांचा रंगच पालटतो. दोघेहि भीतीनें ग्रासलेले. ज्याची पाळी असेल त्यानें दुसऱ्यास हात द्यावा, असा तो व्यवहार होता.

आणि हा हात नेहमीं शास्त्रार्थाचाच असे असें नाहीं. किल्ल्याभोंवतीं कलकलाट करणाऱ्या कावळ्यांची परिषद त्यानें मोठ्या विनोदानें वर्णिली आहे. त्याच्या मुलांचा शिक्षक हिएरोनिमुस वेलर खिन्नतेनें पछाडला होता. त्यास त्यानें एकान्त टाळण्याचा, चार माणसांत बसून थट्टामस्करी करण्याचा सल्ला दिला. चान्सेलर ब्रुकला ऑगस्टमध्यें लिहितांना तो आकाशाच्या घुमटाकडे बोट दाखवितो. त्याला एकहि खांब नाहीं, तरी तें कोसळत नाहीं. पण कांहीं लोक खांब चांचपावयास निघतात, आणि ते हातीं लागत नाहींत म्हणून थरथर कांपतात.

परिषदेचा निकाल अनुकूल लागला नाहीं. ४ ऑक्टोबर रोजीं ल्यूथरनें कोबुर्ग सोडलें. मेलांक्थॉनचा हळवेपणा पुढेंहि गेला नाहीं, आणि ल्यूथरमागें तो चौदा वर्षें जगला. १५६० च्या एप्रिलमध्यें मृत्यु जवळ आला असतां, मरणास कां भिऊं नये याचीं कारणें त्यानें एका कागदावर मांडलीं. ईश्वराचें दर्शन घडेल, ह्या जन्मीं न उलगडलेलीं गूढें उकलतील, असें त्यांत आहे. शिवाय धर्मशास्त्र्यांच्या खवळलेपणांतून आपण एकदांचे सुटूं, हेंहि कारण तो लिहावयास विसरला नाहीं.