सी भाषेचे प्रमाणीकरण आणि ‘फीचर टेस्ट मॅक्रो’ : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रे व कंपन्या यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. परंतु भिन्न संस्थांनी रचलेली मानके एकाच प्रणालीत कशी नांदली, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. सी भाषेच्या हेडर फाईलमधील ‘फीचर टेस्ट मॅक्रो’ हे या प्रश्नाला मिळालेले एक व्यावहारिक उत्तर होय. प्रस्तुत लेखात या योजनेचा उगम, कार्यपद्धती व मर्यादा यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी भाषा घडविली. १९७३ मध्ये युनिक्स कार्यप्रणालीचा गाभा याच भाषेत पुन्हा लिहिला गेला. १९७८ साली ब्रायन कर्निघन व रिची यांचा ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढील दशकभर तोच व्यवहारात प्रमाण मानला गेला. दरम्यान युनिक्सच्या अनेक शाखा निर्माण झाल्या. १९८३ मध्ये ‘अ‍ॅन्सी’ या अमेरिकन मानक संस्थेने भाषेसाठी समिती नेमली व तिचे मानक १९८९ मध्ये संमत झाले. त्याआधी १९८८ मध्ये ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेने कार्यप्रणालीसाठी ‘पॉझिक्स’ हे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले होते.

नावांचा संघर्ष :
प्रोग्रॅमला उपलब्ध असलेल्या फंक्शनांची नावे हेडर फाईलमध्ये नोंदलेली असतात. अ‍ॅन्सी मानकानुसार हेडरमध्ये केवळ मानकाने सांगितलेली वा राखून ठेवलेली नावे असावीत. उर्वरित सर्व नावांवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा अधिकार राहील. पॉझिक्सला मात्र ‘एसटीडीआयओ’ या त्याच हेडरमध्ये ‘फाईलनो’, ‘एफडीओपन’ अशी अधिक नावे हवी होती. एकच फाईल दोन्ही मानकांचे पालन कसे करणार, असा पेच यातून उद्भवला.

योजनेचे स्वरूप :
पॉझिक्सने हा निर्णय प्रोग्रॅमकडेच सोपविला. प्रोग्रॅमने पहिले हेडर जोडण्यापूर्वी ‘पॉझिक्स सोर्स’ हा मॅक्रो घोषित केल्यास हेडरने अधिक नावे उघड करावीत, असे ठरले. या मॅक्रोच्या आरंभी अधोरेखा व त्यानंतर मोठे अक्षर असते. अशी नावे अ‍ॅन्सीने प्रोग्रॅमकर्त्याला वर्ज्य ठरविली असल्याने नवा संघर्ष उद्भवत नाही. घोषणा पहिल्या हेडरनंतर आल्यास ती निरुपयोगी ठरते, कारण तोवर नावांची निवड होऊन गेलेली असते.

१९९२ पासून ‘पॉझिक्स सी सोर्स’ हा संख्यामूल्य असलेला मॅक्रो आला. त्याच्या पुढील मूल्यांत वर्ष व महिना गुंफलेला आहे : १९९३०९, १९९५०६, २००११२, २००८०९. म्हणजेच प्रोग्रॅम आपण कोणत्या काळाचे मानक पाळतो हे स्वतःच सांगतो. ‘एक्स-ओपन’ या संघटनेने ५००, ६००, ७०० अशी मूल्ये असलेला आपला मॅक्रो रूढ केला, तर ग्नू लायब्ररीने स्वतःच्या जोडण्यांसाठी ‘ग्नू सोर्स’ हा मॅक्रो ठेवला.

मर्यादा :
ही योजना निर्दोष नाही. ‘स्ट्रएरर आर’ या फंक्शनचे उदाहरण बोलके आहे. पॉझिक्सनुसार ते पूर्णांक परत करते व दिलेल्या जागेत संदेश लिहिते. ‘ग्नू सोर्स’ घोषित केल्यास तेच नाव अक्षरमालेचा पत्ता परत करते आणि दिलेली जागा वापरीलच असे नाही. परत आलेले मूल्य दुर्लक्षिले गेल्यास कंपायलर सहसा मौन राहतो आणि संदेशाची जागा रिकामी राहू शकते.

दुसरे उदाहरण अध्यापनाशी निगडित आहे. कर्निघन-रिची यांच्या ग्रंथात पहिल्याच प्रकरणात ‘गेटलाईन’ नावाचे फंक्शन लिहून दाखविले आहे. ग्नू लायब्ररीत याच नावाचे, परंतु वेगळ्या स्वरूपाचे फंक्शन पूर्वी ‘ग्नू सोर्स’च्या आड होते. २००८ च्या पॉझिक्सने ते स्वीकारले आणि ग्नू लायब्ररीच्या नेहमीच्या व्यवस्थेत ते उघड झाले. परिणामी ग्रंथातील प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला लिनक्सवर नावांच्या विसंगतीची त्रुटी दिसते. कंपायलरला काटेकोर सी मानक पाळण्याची आज्ञा दिल्यास हीच त्रुटी नाहीशी होते. येथे दोष ग्रंथाचाही नाही आणि विद्यार्थ्याचाही नाही. घोषणेअभावी लायब्ररीने गृहीत धरलेले मानक तेवढे बदलले आहे.

निष्कर्ष :
फीचर टेस्ट मॅक्रोमुळे जुन्या प्रोग्रॅमचा नावांवरील अधिकार अबाधित ठेवून मानकांना वाढता आले. मात्र हे संरक्षण घोषणा करणाऱ्यालाच लाभते. मौन बाळगणाऱ्या प्रोग्रॅमचा अर्थ लायब्ररीच्या मर्जीवर अवलंबून राहतो. म्हणून ही एका ओळीची घोषणा सी भाषेच्या अध्यापनात पहिल्या प्रात्यक्षिकापासून समाविष्ट होणे उचित ठरेल.