स्वस्तातली वावटळ

मंडळी, आमच्या नातवाला घड्याळ घ्यायचंय, तेही तूर्बियोंवालं. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ वावटळ. चिनी कारखान्यांमुळे ते आता पुष्कळ स्वस्त झालंय, म्हणून तो आमचं मत विचारायला आला.

बावड्याहून कोल्हापुरात जाताना नवीन राजवाडा लागतो. १८८४ साली तो पुरा झाला. त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ जागचं हलत नाही; गुरुत्वाकर्षणाची ओढ कायम एकाच बाजूने. खिशातल्या घड्याळाचं तसं नव्हतं. दिवसभर उभं, रात्री मेजावर आडवं. उभं असताना बॅलन्स चक्राचा तोल जरा एकीकडे असला, की चाल बिघडायची. पॅरिसच्या अब्राम-लुई ब्रेगे यांनी ते चक्र, त्याची केसाएवढी स्प्रिंग आणि एस्केपमेंट एका पिंजऱ्यात बसवून पिंजराच फिरता केला, साधारण मिनिटाला एक फेरी. चूक जात नाही बरं का, चहूबाजूंना वाटली जाऊन बरीचशी फिटते. २६ जून १८०१ रोजी त्यांना याचं दहा वर्षांचं पेटंट मिळालं.

मनगट तर स्वतःच हलतं! तिथे पिंजऱ्याची गरज थोडी. आम्ही नोकरीभर चावीचं एचएमटी वापरलं, तास कधी चुकला नाही.

नातू म्हणाला, “आजोबा, मला वेळ नाही बघायची, ते फिरताना बघायचंय.” यावर आम्ही गप्प.

एवढंच बजावलं: तबकडीला भोक पाडून नुसतं हलतं चक्र दाखवणारी घड्याळंही याच नावाने खपवतात. अख्खा पिंजरा फिरतो का, मिनिटभर बघ. आणि बिघडलं तर उघडणार कोण, ते आधी विचार.