नॉर्विचच्या नदीतली ऊब

बर्फाच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला उष्णतेचा प्रवास पुस्तकातून शिकावा लागत नाही. टाकीत लाद्या धरत असतात आणि पाण्यातून ओढलेली उष्णता कंडेन्सरवर बाहेर पडत असते. मुंबईत त्या ऊबेला गिऱ्हाईक नाही, म्हणून आम्ही ती हवेत सोडून द्यायचो. ऊब हाच माल आणि थंडावा फुकट, असा हिशेब उलटा मांडला की झाला हीट पंप.

हा उलटा हिशेब ग्लासगोच्या विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, १८५२ सालीच मांडला होता. १९१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या हाइनरिख झोएलीने उष्णता जमिनीतून घेण्याचं पेटंट काढलं. जमिनीतली उष्णता म्हटलं की आपल्याला वज्रेश्वरीची कुंडं आठवतात, पण इथे तसं काही उकळत नाही. काही मीटर खाली माती बारा महिने साधारण एकाच तापमानाला असते, त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीला. युरोपात हे तापमान दहा अंशांच्या आसपास. हाताला गारच, पण बाहेर बर्फ पडत असताना यंत्राला तेवढं पुरतं. उन्हाळ्यात तीच माती घरातली उष्णता पोटात घेते.

पेटंट मात्र बरीच वर्षं कागदावरच राहिलं. माझ्या मते कारण यंत्रात नव्हतं, कोळशाच्या भावात होतं. स्वित्झर्लंडकडे स्वतःचा कोळसा जवळपास नाही, म्हणून झुरिकच्या जुन्या नगरभवनात १९३८ साली हीट पंप बसला. तो जमिनीवर नव्हे, शेजारून वाहणाऱ्या लिमात नदीच्या पाण्यावर चालायचा. पुढे साठ वर्षांहून अधिक काळ ते यंत्र कामावर होतं. कॉम्प्रेसरशी झटलेल्या कुणालाही विचारा, हे वय काय असतं ते!

पण माझा जीव जडला आहे जॉन समनरवर. हा इंग्लंडातल्या नॉर्विच शहराचा विद्युत अभियंता. महायुद्ध चालू, कोळसा मोजून मिळणारा, नव्या यंत्रसामग्रीचं तर नावच नको. या गड्याने जुना, वापरलेला कॉम्प्रेसर मिळवला, त्यात सल्फर डायऑक्साइड भरला आणि १९४५ मध्ये वेन्सम नदीच्या गार पाण्यावर वीजखात्याची इमारत उबदार केली. सल्फर डायऑक्साइड गळला तर माणूस खोकत बाहेर पळतो. आम्ही अमोनियावाले, त्यामुळे ती धावपळ मला सांगायला नको. एका युनिट विजेत साधारण साडेतीन युनिट उष्णता मिळत होती. उष्णता निर्माण करायची नसून नुसती इकडून तिकडे न्यायची, म्हणून हा आकडा जमतो.

त्याच वर्षी अमेरिकेत इंडियानापोलिसला रॉबर्ट वेबर यांच्या घराच्या आवारात नळ्या पुरून अशीच व्यवस्था झाली. समनरनेही पुढे स्वतःच्या बागेत नळ्या पुरून घर तापवलं. म्हणजे नदी नसलेल्याचीही सोय झाली होती.

तरी इंग्लंडने ते उचललं नाही. १९५१ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलला थेम्सच्या पाण्यावर हीट पंप बसवला, तोही लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनांचे भाग वापरून. यंत्र गरजेपेक्षा मोठं निघालं आणि पुढे काढून टाकलं. मोजमाप चुकलं एवढंच, पण बदनामी तत्त्वाची झाली. शिवाय कोळसा आणि तेल पुन्हा मुबलक मिळू लागलं होतं. स्वस्त तेल जळत असताना बाग कोण खणणार?

१९७३ मध्ये तेल भडकलं. स्वीडनमध्ये लोक घराशेजारच्या ग्रॅनाइटमध्ये बोअर मारू लागले. पाण्यासाठी नव्हे. त्यात नळी सोडायची, तिच्यातून न गोठणारं द्रावण फिरवायचं आणि खडकाची ऊब वर आणायची. समनरचं घरगुती हीट पंपांवरचं पुस्तक आलं ते १९७६ साली, नॉर्विचचं यंत्र सुरू झाल्यावर एकतीस वर्षांनी.