दहा राग आणि एक चंदेरी डबा

इंग्लंडमधल्या 'न्यू ऑर्डर'चं 'ब्ल्यू मंडे' १९८३ साली आलं, हे न्यू वेव्हवाल्यांना तोंडपाठ असतं. यंत्राचा ठेका, यंत्राचा बास. पण त्याच्या वर्षभर आधी, १९८२ मध्ये, चरणजित सिंग यांनी मुंबईत एक एलपी केली होती: 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. काढली एचएमव्हीने, आणि ती जवळजवळ कुणी ऐकलीच नाही.

सिंग हे हिंदी सिनेमाचे स्टुडिओ-वादक. आर. डी. बर्मनकडेही वाजवलेलं. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यात बास नाहीतर कीबोर्ड. त्यांनी सिंगापूरहून रोलँडचा टीबी-३०३ आणला. हा चंदेरी डबा खरं तर एकट्या गिटारवाल्याला बासची साथ द्यायला बनवलेला. सोळा खणांत सूर भरायचे, कुठल्या सुरावरून पुढच्यावर घसरत जायचं ते सांगायचं, आणि तो तेच फिरवत बसतो. (आमच्या भाषेत for लूप!) जोडीला टीआर-८०८ चा ठेका आणि ज्युपिटर-८ वर राग. भैरवी, ललित, तोडी, यमन, मालकंस... एकूण दहा. ललितमधले लागोपाठ येणारे दोन मध्यम सिंथेसायझरवर ऐकताना अंगावर काटा येतो राव.

खामगावातल्या एका ऑर्केस्ट्रावाल्या काकांना मी यातला कलावती ऐकवला. राग त्यांनी झटक्यात ओळखला, मग म्हणाले, "पण तबला कुठी गेला बाप्पा?" नेमकं! सिंग यांनी तबला मुद्दाम बाहेर ठेवला होता. १९८२ च्या श्रोत्यालाही हीच अडचण आली असणार. रागवाल्यांना हा डिस्को, डिस्कोवाल्यांना हे शास्त्रीय.

टीबी-३०३ बाजारातही आपटला. १९८४ पर्यंत बंदच झाला. मग तो जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागला, आणि १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्युचर'ने त्याची बटणं पिळून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं. झाला अ‍ॅसिड हाऊसचा जन्म. इकडे एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ साली दिल्लीत सिंग यांची एलपी सापडली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा प्रकाशित केली. लोकांना वाटलं ही थापच आहे, 'अ‍ॅफेक्स ट्विन'ने केलेली खोडी असणार! खरं आहे कळल्यावर मथळे आले: अ‍ॅसिड हाऊसचा शोध मुंबईत लागला.

मला हे पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही एलपी ऐकलीच नव्हती, मग शोध कसला? दोन प्रोग्रामर एकमेकांना न विचारता सारखाच कोड लिहितात, तसं झालं. आणि शिकागोचा शिक्का बसल्यावरच आपल्या माणसाला किंमत, याचा मला रागच येतो. त्यांनी जे केलं ते वेगळं होतं: रागाचे नियम पाळून यंत्राला गायला लावलं.

पुनर्प्रकाशनानंतर सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात हेच राग मंचावर वाजवू लागले. एलपीवर एकेक राग पाचेक मिनिटांत आटपतो, मंचावर तसा काटा नसतो. ५ जुलै २०१५ रोजी ते मुंबईत गेले. २०१० च्या आवृत्तीत फक्त तेच दहा तुकडे आहेत. पुढची कुणी काढलीच तर जोडीला या कार्यक्रमांची एक तबकडी द्यावी. मी पहिल्याच दिवशी घेईन, आणि एक प्रत खामगावच्या काकांना.