आपल्या ओझरची तीन नावे



नोकरी-धंद्यासाठी गावाबाहेर पडलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाला हा प्रसंग आलाच असेल. कोणी विचारते, "गाव कोणते?" आपण म्हणतो, "ओझर." समोरचा लगेच हात जोडतो, "अरे वा, अष्टविनायकाचे!" मग सांगावे लागते, की विघ्नहराचे ओझर पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठी. आमचे ओझर नाशिक जिल्ह्यातले, निफाड तालुक्यातले, बाणगंगेच्या काठचे. एवढे सांगूनही चेहरा कोराच राहिला, की आपण हुकमी शब्द काढतो : "ओझर मिग." मग ओळख पटते.

स्मरणिकेसाठी गावाच्या इतिहासावर लिहावे असा निरोप आला, तेव्हा मला नववीतला एक तास आठवला. १९८० च्या दशकातली गोष्ट. भूगोलाच्या सरांनी 'माझे गाव' या विषयावर टिपण लिहून आणायला सांगितले होते. वर्गातल्या बहुतेकांनी विमानांवर लिहिले, मीही लिहिले. माझ्या वहीत सरांनी तांबड्या शाईने शेरा मारला होता : "विमाने छान. पण गावच्या शेताला पाणी कुठून येते?" त्याचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. ते देण्याचा हा प्रयत्न. त्यासाठी आपल्या गावाची तीन नावे क्रमाने घ्यावी लागतील.

पहिले नाव तांबटांचे ओझर. जुनी माणसे गावाचा उल्लेख असाच करीत. तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांवरून हे नाव पडले. नाशिकपासून सुमारे २० किलोमीटरवर, मुंबईहून आग्र्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, बारमाही बाजार जवळ असलेले हे गाव. भांडे घडवणाऱ्याला गिऱ्हाईक लागते आणि माल न्यायला वाट लागते, दोन्ही इथे होते. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवरचे हे दख्खनचे पठार, खाली काळा पाषाण, वर काळी जमीन. जमीन कसदार, पण पावसाळा संपला की तिची तहान विहिरीवर आणि नदीवरच भागायची. बाणगंगा काही मोठी नदी नव्हे. तिच्यावर जागोजागी बांध घालून पाणी अडवण्याची रीत म्हणूनच इथे जुनी आहे. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडेरावाची यात्रा भरते, बारागाडे ओढले जातात, भंडारा उधळतो. परगावी गेलेला ओझरकर दिवाळीला एक वेळ येणार नाही, पण यात्रेला येतो. हे सगळे विमानांच्या आधीचे.

दुसरे नाव तुम्हा-आम्हा सर्वांच्या ओळखीचे. १९६२ मध्ये मिग-२१ विमाने भारतात बनवण्याबाबत सोव्हिएत संघाशी करार झाला. त्याच वर्षी चीनचे युद्ध झाले आणि नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री झाले. १९६३ मध्ये ते नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. मिगचे काम तीन ठिकाणी वाटले गेले : इंजिन ओडिशातील कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जुळणी आपल्या ओझरला. १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजे आपल्या तोंडची 'एचएएल', उभी राहिली आणि तिचा नाशिक विभाग इथे सुरू झाला. तांबे ठोकणाऱ्यांच्या गावात ॲल्युमिनियमच्या पत्र्याला रिव्हेट मारले जाऊ लागले.

त्याबरोबर नवीन वसाहत आली : टाउनशिप. सरळ रस्ते, एकसारखी घरे, झाडांच्या रांगा, सकाळचा भोंगा. तेलुगू, मल्याळी, कन्नड, बंगाली, पंजाबी अशी घरे शेजारी-शेजारी राहू लागली. गावात 'कामावर गेला' म्हणजे शेतावर आणि टाउनशिपमध्ये 'कामावर गेला' म्हणजे पाळीवर. एकाच शब्दाचे दोन अर्थ घेऊन आपण एका वर्गात बसलो. डबा उघडला की एकीकडे बाजरीची भाकरी आणि ठेचा, दुसरीकडे इडली. पहिल्या आठवड्यात दोन गट असायचे, सहामाहीपर्यंत डबे एकत्र झालेले असायचे. आणि विमान चाचणीला उठले, की सर वाक्य अर्धवट सोडून खडू हातात धरून थांबायचे. आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू. बाहेरच्या माणसाला याचे नवल वाटते, आपल्याला ती सुट्टी वाटायची.

इथे बनलेल्या मिग-२१ विमानांची संख्या काही शेकड्यांत आहे. पुढे मिग-२७ आले, २००४ पासून सुखोई-३० एमकेआय इथून बाहेर पडू लागले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. बरोबर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, इथल्या जुळणीतून तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए ओझरच्या आकाशात उडाले. ज्यांच्या वडिलांचे उभे आयुष्य मिगच्या शेडमध्ये गेले, त्यांना त्या तीन आठवड्यांत काय वाटले असेल हे मी लिहायला नको.

आता सरांचा प्रश्न. त्याचे उत्तर म्हणजे आपल्या गावाचे तिसरे नाव. ते कोणी पाटीवर लिहिलेले नाही. मी त्याला पाटपाण्याचे ओझर म्हणतो.

शेजारच्या दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या उजव्या कालव्याच्या अगदी शेवटी ओझरच्या शिवारातली शेते येतात. नकाशावर ही जमीन ओलिताखाली दाखवलेली होती. प्रत्यक्षात कालव्याचे पाणी वरच्या भागातच संपायचे. काही गळून जायचे, काही वरचे शेतकरी हवे तेवढे घ्यायचे. पाणीपट्टी पीक आणि क्षेत्रावर आकारली जायची, मोजून नव्हे. त्यामुळे पाणी वाचवून कोणाचाच फायदा नव्हता. शेपटाकडच्या शेतकऱ्याच्या वाट्याला कोरडी चारी यायची. आपल्या वर्गातल्या एका मित्राचे शेत अशाच चारीवर होते. आम्ही त्या कोरड्या चारीत क्रिकेट खेळायचो. ती कोरडी का आहे, हा प्रश्न आमच्या डोक्यात आला नाही, म्हणून तर सरांचा शेरा आला.

त्याच वर्षांत गावात बापूसाहेब उपाध्ये नावाचा माणूस हा प्रश्न घेऊन घरोघर फिरत होता. त्यांनी समाज परिवर्तन केंद्र सुरू केले होते. भरत कावळे आणि इतर कार्यकर्ते त्यांच्या सोबत होते. त्यांचे म्हणणे साधे होते. सरकारकडे पाणी मागत बसण्यापेक्षा शेतकऱ्यांनी संस्था काढावी, चारीच्या तोंडाशी पाणी मोजून विकत घ्यावे, आपसांत वाटावे, पट्टीही आपणच गोळा करून भरावी. पुण्याच्या सोपेकॉम संस्थेतील अनुभवी पाटबंधारे अभियंत्यांचे साह्य मिळाले. १९९१ च्या सुमारास कालव्याच्या शेपटाकडे तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या : महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा.

वाटपाचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाळी सुरू करायची ती शेवटच्या शेतापासून आणि मग वर सरकायचे. ज्याला आजवर कधी मिळाले नाही, त्याला आधी. पाणी मोजून घेतल्यामुळे जे वाचेल ते आपलेच, आणि पीक कोणते घ्यायचे हे ठरवायलाही शेतकरी मोकळा. कालव्याचे पाणी ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरून घेण्याची युक्तीही इथे वापरली गेली. विहिरीला हमखास पाणी आल्यावर द्राक्षबाग लावण्याचे धाडस करता येते. कारण द्राक्षाची वेल एका हंगामाची नसते, तिला एक उन्हाळा पाणी चुकले तर वर्षांची मेहनत जाते.

शेपटाकडून सुरू झालेली ही गोष्ट हळूहळू माथ्याकडे गेली. २००३ मध्ये सबंध वाघाड प्रकल्पावरच्या पाणीवापर संस्थांनी मिळून एक प्रकल्पस्तरीय संस्था केली आणि प्रकल्पाचे पाणी शेतकऱ्यांच्या हाती आले. २००५ मध्ये महाराष्ट्रात सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा झाला. तो कसा चालवायचा हे पाहण्यासाठी लोक ओझर-वाघाडला येऊ लागले, आजही येतात.

विमानाचा कारखाना दिल्लीच्या निर्णयाने आला. त्याने आपल्याला नोकऱ्या दिल्या, देशभरचे मित्र दिले, ओळख दिली. त्याचे मोल कमी नाही. पण पाण्याची व्यवस्था आपल्या आईवडिलांच्या वयाच्या माणसांनी, रात्री देवळात बैठका घेऊन, भांडून आणि समजूत घालून उभी केली. पहिल्या गोष्टीची आठवण ठेवायला संग्रहालये आहेत, पुस्तके आहेत. दुसरीची आठवण ज्यांच्या डोक्यात आहे, ती माणसे आता थकली आहेत.

दरम्यान गाव पुन्हा बदलते आहे. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. विमानतळावरून प्रवासी विमाने ये-जा करतात. हमरस्त्याच्या कडेची शेते प्लॉट होऊन विकली जात आहेत. विकणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही. आपणच नोकरीसाठी बाहेर पडलो, पाळीला रात्री चारीवर जायला घरी कोण उरले? पण पाणीवापर संस्था सभासदांवर चालते आणि सभासद शेतावर असतो. शेत गेले, की एक सभासद कमी होतो. एवढा साधा हिशेब आहे.

म्हणून मेळाव्याला येणाऱ्या सर्वांना एक विनंती. घरात वडील, काका, आजी असतील तर येण्याआधी त्यांच्याजवळ तासभर बसा. कारखान्याचे पहिले दिवस, चारीला आलेले पहिले पाणी, तांबट आळीतला ठोक्यांचा आवाज, जे आठवेल ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणा. जुने फोटो, पाणीपट्टीच्या पावत्या, कारखान्याचे जुने पास असतील तर तेही आणा. दुपारच्या जेवणानंतर जमेल त्यांनी बाणगंगेच्या बंधाऱ्यापर्यंत चालत जाऊ. टाउनशिपमधल्या मित्रांनी जरूर यावे. त्यांतल्या अनेकांनी तो अजून पाहिलेला नाही.

सर, टिपण द्यायला फार उशीर झाला. शेरा जो द्यायचा तो द्या, फक्त शाई तांबडीच असू द्या.