एम्प्रेस मिल, फंडाचा पैसा आणि भाच्याचा मग

माझा भाचा मिहानमधल्या एका कंपनीत कामाला आहे. मागच्या महिन्यात त्याला 'एम्प्लॉई ऑफ द मंथ' म्हणून एक मग मिळाला. फोटो काढला, टाळ्या झाल्या. मी सहज विचारलं, "फंड कापतात का रे तुझा?" तो हसला. म्हणाला, "मामू, मी कंपनीचा नाहीच. ठेकेदाराचा आहे. अकरा महिन्यांचं काँट्रॅक्ट."

मला माझे दादा आठवले. ते मोमीनपुऱ्यातून चालत एम्प्रेस मिलला जायचे, साचेखात्यात. आमच्या घरात उर्दूमिश्रित हिंदी बोलतात. मराठी दादा गिरणीतच शिकले. 'फंड' हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकलेला आहे. बहिणीचं लग्न, घराचं छप्पर, अम्मीचं ऑपरेशन, सगळ्याचं उत्तर 'दादांचा फंड'.

आज माणसं नेमायची कशी, टिकवायची कशी, त्यांना कामाची ओढ कशी लावायची, यावर हॉटेलांमध्ये चर्चासत्रं भरतात. अमेरिकन लेखकांची नावं घेतली जातात. नागपुरात हा प्रश्न जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता, आणि तोही जुम्मा तलावाच्या काठी, दलदलीच्या जमिनीवर.

जमशेटजी टाटांनी 1874 मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. भांडवल पंधरा लाख रुपये. सगळे मुंबईत गिरण्या काढत असताना हा माणूस नागपूरला आला, कारण कापूस इथे पिकत होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि 1867 पासून रेल्वे होती. दलदल बुजवताना पाहून एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय म्हणाला, असं सांगतात. पुढे त्यानेच कबूल केलं म्हणे की टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं. 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून 'एम्प्रेस'.

पहिली महत्त्वाची नेमणूक बेझनजी दादाभाई मेहतांची. ते रेल्वेतले माणूस. कापडगिरणीचा त्यांना काडीचा अनुभव नव्हता. आजच्या जाहिरातीत 'किमान पाच वर्षांचा अनुभव' लिहितात. बेझनजींचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळला असता. जमशेटजींनी माणूस पाहिला, यंत्राच्या ज्ञानासाठी जेम्स ब्रुक्सबी हा इंग्रज तंत्रज्ञ वेगळा घेतला. सुरुवातीची स्वस्तातली यंत्रं नीट चालेनात, ती बदलली. यंत्रं बदलता येतात. खरी अडचण माणसांची होती.

दररोज साधारण पाचातला एक कामगार गैरहजर असायचा. साहेबांच्या भाषेत हा आळस. मला तसं वाटत नाही. नागपूरचे कोष्टी आणि उत्तरेतून इकडे आलेले आमचे मोमीन, दोघेही पिढ्यान्‌पिढ्या घरच्या मागावर बसणारे. लग्न असलं, मय्यत असली, बाजाराचा दिवस असला की माग थांबायचा. रात्री कंदिलाखाली काम भरून काढायचं. अशा माणसाला भोंग्यावर उठवायचं म्हणजे त्याचा सगळा दिवसच हातातून काढून घ्यायचा. तो गेला नाही, यात नवल काय?

जमशेटजींनी दंडाचा बडगा उगारायच्या ऐवजी दुसरा मार्ग धरला. वार्षिक बक्षीस समारंभ सुरू केले, चांगल्या कामगारांना रोख रक्कम, घड्याळं आणि पदकं दिली. म्हणजे भाच्याच्या मगाचे हे पणजोबा. पण ते तिथे थांबले नाहीत. गिरणीत हवा खेळती ठेवायची, दमटपणा राखायची यंत्रं बसवली. 1886 मध्ये पेन्शन फंड, 1895 पासून अपघाताची भरपाई, 1901 मध्ये प्रॉव्हिडंट फंड. आता सरकारी तारखा शेजारी ठेवून पाहा: अपघात भरपाईचा कायदा 1923 चा, प्रॉव्हिडंट फंडाचा 1952 चा.

हे सांगताना आपले लोक इथे पोवाडा सुरू करतात. मलाही मोह होतो, दादांचं मीठ आहे. पण आणखी एक तारीख त्याच गिरणीची आहे. 1877 मध्येच, म्हणजे गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, मजुरीच्या दरावरून एम्प्रेस मिलमध्ये संप झाला. हिंदुस्थानातल्या कापडगिरण्यांच्या अगदी पहिल्या नोंदलेल्या संपांत तो गणला जातो. आधी संप, मग पेन्शन. संपामुळेच पेन्शन आली असं मी म्हणणार नाही; मध्ये नऊ वर्षं आहेत. पण बक्षिसांच्या समारंभाचं वर्णन करणारी पुस्तकं तो संप एका ओळीत उरकतात, हे मला खटकतं. दयाळू मालक आणि अडून बसलेला मजूर, दोघं एकाच आवारात होते. पुढे रा. स. रुईकरांसारखे पुढारी नागपूरच्या गिरणी कामगारांतून उभे राहिले ते उगाच नाही.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, आणि ती आपल्याबद्दल आहे. त्या काळी माणूस नेमायचा तो जॉबर. त्याची ओळख, त्याची जात, त्याचा दस्तुरीचा हात. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखातं अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होतं. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाचं कारण पुढे केलं जाई. जास्त पगाराचं खातं तेच. डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न थेट मांडला. त्या विणाईखात्यांत होते कोण? मराठे, आणि आपले मोमीन. आमच्यात अस्पृश्यता नाही, हे आपण प्रत्येक मंचावरून सांगतो. मग तो धोटा दुसऱ्याच्या हाती देताना आपल्या हातांना काय झालं होतं? दादा गेले तेव्हा मी लहान होतो. नाहीतर त्यांना हे विचारलं असतं.

1986 मध्ये टाटांच्या हातून गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. पुढे तीही बंद पडली. आता त्या जागी एम्प्रेस सिटी मॉल आहे. मागच्या रविवारी भाच्याबरोबर तिथे गेलो होतो. सरकत्या जिन्याजवळ एक सुरक्षारक्षक उभा होता, पोरगेलासा. भाच्याने त्याला विचारलं, ड्युटी किती तासांची? "बारा," तो म्हणाला. कंपनी कोणती? त्याने खांद्यावरचा बिल्ला दाखवला. नाव ठेकेदाराचं होतं.

परत येताना भाचा गप्प होता. घरी आल्यावर त्याने अम्मीच्या पेटीतून दादांची फंडाची चिठ्ठी काढायला लावली, आणि आकडे मोबाइलवर टिपून घेत बसला.